दोनचा अर्धा घात

(तेर येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

पाच लिटर पाणी मावणारी घागर घडवणाऱ्या कुंभाराला कोणी त्याच घाटाची, पण दहा लिटरची घागर सांगितली, तर त्याने माती किती घ्यावी? तेरमध्ये हा प्रश्न विचारायला संकोच नको. बहुतेकांच्या तोंडी पहिले उत्तर येते ते ‘दुप्पट’. घागरीची भिंत तेवढ्याच जाडीची ठेवायची असेल तर ते चुकते. माती लागते १.५९ पट, म्हणजे दीडपटीहून किंचित जास्त. या १.५९ ला गणितात नाव आहे: दोनचा दोन-तृतीयांश घात. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण आले की वर्गातली निम्मी मुले खिडकीबाहेर पाहू लागतात.

तेर हे गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव. थापटण्याने प्रत्येक संताचे डोके ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे सांगणारे गोरोबा आणि त्या परीक्षेत कच्चे ठरलेले नामदेव, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण मडक्याचा आकार, त्यात मावणारे पाणी आणि त्याला लागणारी माती यांचे नाते भक्तिकथेत येत नाही. ते चाकावर बसलेल्याच्या हातात असते.

ते नाते आधी सोप्या आकड्यांवर पाहू. घागरीची उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर पाणी आठपट मावते. कारण पाणी लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी वाढते. भिंतीचे क्षेत्रफळ मात्र दोनच अंगांनी वाढते, म्हणून चौपट होते. आता उलट दिशेने जायचे. पाणी आठपट हवे असेल तर आठचे घनमूळ काढायचे: दोन. त्याचा वर्ग करायचा: चार. पाच लिटरच्या घागरीवरून चाळीस लिटरच्या रांजणावर जाताना माती चौपट पुरते. आठचा दोन-तृतीयांश घात म्हणजे हे चार. दुप्पट पाण्यासाठीही हीच पायरी: दोनचे घनमूळ सुमारे १.२६ आणि त्याचा वर्ग १.५९.

जाणकार कुंभार इथे हरकत घेईल. मोठ्या रांजणाला पातळ भिंत चालत नाही. ती वाळताना बसते, नाहीतर भट्टीत तडकते. हरकत रास्त आहे. आकाराच्या प्रमाणात भिंतही जाड केली तर माती बरोबर दुप्पट लागते, म्हणजे घातांक एक होतो. खरी घागर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, दोन-तृतीयांश आणि एक यांच्या दरम्यानच्या कुठल्याशा घातांकावर. अपूर्णांकी घातांक ही परीक्षेसाठी रचलेली क्लृप्ती वाटत असेल, तर कुंभारवाड्यात चक्कर मारून यावे.

शाळेत मात्र गाडी नेमकी उलट्या बाजूने येते. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात ‘घातांक व घनमूळ’ असे प्रकरण आहे. घातांकाचा छेद मूळ सांगतो, अंश घात सांगतो, हा नियम तिथे मिळतो आणि मुले तो पाठ करतात. नियम बरोबरच आहे, पण तो तसा का, हे त्या वयात मनात उतरले नाही तर पुढे कधीच उतरत नाही. दोनचा तिसरा घात म्हणजे दोनला तीनदा मांडून गुणणे, हे समजते. दोनचा अर्धा घात म्हणजे दोनला अर्धा वेळा मांडून गुणणे? या वाक्याला अर्थच नाही. चौकस मूल इथेच अडते आणि अडायलाच हवे. न अडता पुढे जाणाऱ्या मुलाची काळजी अधिक करावी.

अडचण सुटते ती वाढीकडे पाहिल्यावर. शंभर रुपयांचे कर्ज वर्षाअखेरीस १२१ होते, असे समजा. व्याज सहा महिन्यांनी मुदलात मिळत असेल आणि दोन्ही सहामाहीत दर सारखाच असेल, तर पहिल्या सहामाहीअखेर किती झाले? एकवीसच्या निम्मे म्हणून ११०.५० असे कोणी सांगेल. पण ११०.५० वर पुन्हा त्याच दराने व्याज लावले तर वर्षाअखेरीस १२२.१० होतात, सावकार खूश, ऋणको नाराज. खरे उत्तर ११० आहे. शंभराचे एकशेदहा, एकशेदहाचे एकशेएकवीस. दोन्ही वेळा १.१ ने गुणायचे. वर्षाची वाढ १.२१ पट, अर्ध्या वर्षाची वाढ १.२१ चा अर्धा घात, म्हणजे १.२१ चे वर्गमूळ, म्हणजे १.१.

अर्धा घात हा गुणाकाराचा मध्यबिंदू आहे. बेरजेच्या वाटेने शंभर आणि एकशेएकवीस यांच्या मध्यावर ११०.५० येते, गुणाकाराच्या वाटेने ११०. घातांकांची बेरीज होते तेव्हा संख्यांचा गुणाकार होतो, हा एकच नियम पूर्णांकांपुरता न राहता अपूर्णांकांनाही लागू ठेवायचा, एवढाच हट्ट गणितज्ञांनी धरला. अर्धा अधिक अर्धा म्हणजे एक. म्हणून दोनचा अर्धा घात गुणिले दोनचा अर्धा घात म्हणजे दोन. स्वतःला स्वतःने गुणून दोन देणारी धन संख्या एकच: दोनचे वर्गमूळ. पुढचे सगळे नियम याच हट्टातून आपोआप येतात.

जुन्या मराठी शाळांत पंतोजी मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनने गुणणे ज्यांच्या जिभेवर होते, त्यांनी दोनचा औट घात कधी विचारला नसावा. तो विचारून पाहण्यासारखा आहे. दोनचा तिसरा घात आठ, चौथा सोळा. मग साडेतिसरा? बारा नव्हे, ११.३१. आठला ज्या संख्येने गुणल्यावर ११.३१ येतात, त्याच संख्येने पुन्हा गुणले की सोळा येतात. ती संख्या १.४१४, म्हणजे पुन्हा दोनचे वर्गमूळ.

याच वर्गमुळाची दुसरी वाट शेतातून जाते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो ३३ चा वर्ग आहे. जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची होती, म्हणून एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता कुणाला गुंठ्याच्या दुप्पट, पण चौरसच तुकडा आखायचा असेल, तर बाजू ६६ फूट घेऊन चालणार नाही. मोजणीच्या वेळी चार गुंठे भरतील आणि शेजाऱ्याशी वाद होईल. बाजू हवी ३३ गुणिले १.४१४, म्हणजे जवळजवळ ४६ फूट ८ इंच. आणि ती काढायला गुणाकारही नको. गुंठ्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली की तीच दुप्पट चौरसाची बाजू.

ही दोरी फार जुनी आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांत, इसवी सनापूर्वीच्या काळात, चौरसाच्या कर्णावरचा चौरस दुप्पट क्षेत्राचा होतो हे सांगितलेले आहे आणि कर्णाची लांबी काढायची रीतही आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायचा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवायचा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करायचा. हिशेब ५७७ भागिले ४०८ इतका येतो, म्हणजे १.४१४२१५७; खरी किंमत १.४१४२१३६. गुंठ्याच्या कर्णात या रीतीने पडणारी चूक माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी आहे. वेदीच्या विटा एवढ्या अचूक कोणी घातल्या नसतील. मग चौतिसाव्या भागापर्यंत जाण्याची गरज काय होती? गरज नसतानाही पुढे जाण्याची ही खोडच गणिताला पुढे नेते.

तेरहून वायव्येला चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडिदेवांच्या काळात त्याला दाने मिळाली, अशी ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. गणित शिकवण्यासाठी मठ आणि त्या मठाच्या खर्चाची तजवीज दगडावर कोरलेली, हे आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी घडले. ‘आपल्याकडे हे सगळे होतेच’ अशी छाती फुगवण्याआधी आज त्या तोडीची तजवीज कुठल्या तालुक्यात आहे ते पाहावे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात एक उदाहरण आहे: काटकोन त्रिकोणाची एक बाजू, म्हणजे भुजा, सव्वातीन; दुसरी, म्हणजे कोटी, तीही सव्वातीन, तर कर्ण किती? वर्गांची बेरीज १६९ भागिले ८ येते आणि तिचे वर्गमूळ पूर्ण सुटत नाही. भास्कराचार्य इथे हात टेकत नाहीत आणि लपवाछपवीही करत नाहीत. अंशाला छेदाने गुणून १,३५२ करा, त्याला दहा हजाराने गुणा, एक कोटी पस्तीस लाख वीस हजाराचे जवळचे मूळ काढा, ते येते ३,६७७. त्याला आठशेने भागा. उत्तर चार पूर्णांक ४७७ छेद ८००, दशांशात ४.५९६२५. खरी किंमत ४.५९६१९. आणखी बारीक हवे असेल तर दहा हजाराऐवजी मोठा वर्ग घ्यायचा. दशांश चिन्ह नसताना दशांश स्थळे मिळवण्याची ही युक्ती आहे.

त्याच ग्रंथात भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले आणि उरला कमळात अडकलेला एक भुंगा व बाहेर गुंजारव करणारी त्याची भुंगी. एकूण किती? बहात्तर. निम्मे छत्तीस, त्याचे मूळ सहा, आठ-नवमांश चौसष्ट, वर दोन. वर्गमूळ असलेले समीकरण शिकवायला रात्री कमळात कोंडलेला भुंगा आणणारा शिक्षक आज कोणत्या वर्गात मिळेल?

‘बीजगणित’ या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात करणींचे, म्हणजे न सुटणाऱ्या मुळांचे, बेरीज-वजाबाकी-गुणाकार स्वतंत्र प्रकरणात दिले आहेत आणि संख्येआधी ‘क’ लिहून ती करणी असल्याचे दाखवले आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचाच वर्ग नाही, असेही तिथे स्वच्छ सांगितले आहे. युरोपात √ हे चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्टॉफ रुडोल्फने छापले. अपूर्णांकी घातांकांची कल्पना चौदाव्या शतकात निकोल ओरेमने मांडली होती, जॉन वॉलिसने १६५६ मध्ये ती वापरली आणि आज आपण लिहितो त्या तऱ्हेने ती रुळली न्यूटनच्या १६७६ च्या पत्रांनंतर.

भास्कराचार्यांची ऋण संख्येबद्दलची तंबी इथेही उपयोगी पडते. उणे आठचे घनमूळ उणे दोन. म्हणजे उणे आठचा एक-तृतीयांश घात उणे दोन म्हणावा. पण एक-तृतीयांश म्हणजेच दोन-षष्ठांश. नियमाप्रमाणे आधी वर्ग केला तर चौसष्ट आणि चौसष्टचे सहावे मूळ अधिक दोन. एकाच घातांकाची दोन उत्तरे! म्हणूनच पुस्तकात ‘पाया धन असावा’ अशी अट असते. ती वाचून मुले पुढे सरकतात, कारण ती का आहे हे कुणी या उणे आठवर करून दाखवलेले नसते.

आता पेटी. तेरच्या परिसरात भजनी मंडळ नाही असे गाव शोधावे लागेल आणि पेटीशिवाय भजनी मंडळ त्याहून दुर्मिळ. पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. त्याचा वरचा षड्ज बरोबर दुप्पट, ८८०. दोघांच्या मध्ये बारा सारख्या पायऱ्या. पण सारख्या कशा? बेरजेने सारख्या केल्या तर कानाला त्या सारख्या लागत नाहीत, कारण कान गुणोत्तर ऐकतो. प्रत्येक पायरीला एकाच संख्येने गुणायचे आणि बारा वेळा गुणून दोन यायला हवेत. ती संख्या म्हणजे दोनचा एक-बारांश घात, १.०५९५. पेटी जुळवणारा कारागीर कानस घेऊन पितळेची पट्टी घासतो, तेव्हा तो अपूर्णांकी घातांकच घासत असतो.

बारा पायऱ्यांची अर्धी वाट सहा. षड्जापासून सहावी पट्टी तीव्र मध्यमाची. सहा-बारांश म्हणजे अर्धा, म्हणून पेटीवरचा तीव्र मध्यम हा दोनचा अर्धा घात, गुंठ्याच्या कर्णाचाच आकडा. पांढरी सहा षड्ज धरली तर वरच्या काळी दोनवर ६२२.२५ कंपने. गंमत अशी की ४४० आणि ८८० यांचा बेरजेचा मध्य ६६० हाही संगीतात आहेच, तो पंचम. बेरजेच्या मध्यावर पंचम, गुणाकाराच्या मध्यावर तीव्र मध्यम. पेटीचा पंचम मात्र ६५९.२६ वर असतो, नैसर्गिक पंचमाच्या किंचित खाली. तो फरक बहुतेक कान सोडून देतात.

गंधाराचा मात्र सोडून देत नाहीत. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट, ५५०. पेटीचा गंधार चौथ्या पट्टीवर, म्हणजे चार-बारांश, एक-तृतीयांश घात: दोनचे घनमूळ, १.२६, कंपने ५५४.३७. सेकंदाला चारांहून अधिक कंपनांचा हा चढ जाणकाराला खुपतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंद राहिले. मींड निघत नाही ही एक तक्रार होती आणि ठोकळेबाज सुरावट ही दुसरी. दुसऱ्या तक्रारीच्या मुळाशी हा घातांक आहे.

इथे घागर आणि पेटी एकाच आकड्यावर भेटतात. दुप्पट पाण्याच्या घागरीची उंची १.२६ पट हवी, हे वर आलेच. समजा, कुंभाराने अंदाजाने सव्वापट केली. सव्वाला सव्वाने, पुन्हा सव्वाने गुणले की १.९५ येतात. दहा लिटरऐवजी ९.७७ लिटर मावते. पाव लिटरही कमी नाही, गिऱ्हाईक कुरकुर करणार नाही. पेटीवाल्याने तीन शुद्ध गंधार एकावर एक रचले तर तोही ८८० ऐवजी ८५९ वरच पोचतो आणि षड्ज चुकतो. घागरीत खपणारी तीच तूट कानाला खपत नाही, म्हणून पेटी जुळवणाऱ्याला सव्वा सोडून घनमुळाकडे जावे लागले. शिवाय तीव्र मध्यम दोरीने आखता येतो, गंधार आखता येत नाही. दोरी आणि खुंट्यांनी, म्हणजे पट्टी-कंपासने, वर्गमूळ निघते; दोनचे घनमूळ निघूच शकत नाही, हे पिएर वांट्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केले.

आणि पंतोजींची दिडकी? ती आकाशात सापडते. ग्रह सूर्यापासून जितका दूर, तितकी त्याची फेरी लांब, हे उघड आहे. पण किती लांब? आपल्या सिद्धांतग्रंथांची धारणा अशी की सगळे ग्रह रोज सारखीच योजने चालतात. म्हणजे कक्षेचे अंतर आणि फेरीचा काळ सरळ प्रमाणात, घातांक एक. फेऱ्यांचे काळ त्यांनी उत्तम मोजले होते, पण त्यांवरून काढलेली अंतरे चुकली. केप्लरला १६१८ मध्ये खरा घातांक सापडला: दीड. पृथ्वीचे अंतर एक आणि फेरी एक वर्ष धरली, तर गुरूचे अंतर ५.२०. त्याचा घन १४०.६, घनाचे वर्गमूळ ११.८६. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची.

गुरूच्या फेरीवर चालणारा नाशिकचा सिंहस्थ म्हणूनच बारा वर्षांनी येतो: २००३, मग २०१५. पण ११.८६ म्हणजे बारा नव्हे. दर फेरीला सुमारे ०.१४ वर्षाची उधारी साचते आणि सात-आठ फेऱ्यांत ती एका वर्षाएवढी होते. मग कुठेतरी पंचांगाला ती फेडावी लागते. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२२ मध्ये न होता २०२१ मध्ये झाला, अकराच वर्षांनी.

शनीचे अंतर ९.५४. त्याचा दीड घात सुमारे २९.४६ वर्षे. बारा राशींत ती वाटली तर राशीला अडीच वर्षांहून थोडी कमी, २.४५५. जन्मराशीच्या आधीची, जन्मराशीची आणि नंतरची अशा तीन राशी म्हणजे साडेसाती. तिचा सरासरी हिशेब ७.३७ वर्षे येतो. केप्लरच्या दीड घाताने साडेसातीतला जवळपास दीड महिना वाचतो. तेवढ्या दिवसांची शांत करून घेतली असेल, तर दक्षिणेचा परतावा कोणाकडे मागायचा हे ज्याचे त्याने पाहावे.